कंसावणे

टिटवीने पान उलटले, छाती भरून श्वास घेतला आणि राणीमुंगीला सिंहासनावर बसवले.

"राणीमुंगी!" तिचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या चारही भिंतींवर जाऊन आदळला. "वारुळातली सर्वांत मोठी मुंगी! पण ती कुणालाही, कुणालाही हुकूम सोडत नाही! नाव मात्र राणी!"

शेवटच्या शब्दाला तिचा उजवा हात आपोआप वर गेला होता. तो खाली येण्याआधीच काचेपलीकडून छोटा, स्वच्छ आवाज आला.

"काका, या बाई कुणाला रागावतायत?"

"मुंगीला," म्हातारा म्हणाला.

"का? काय केलं तिनं?"

यंत्रापाशी बसलेल्या मुलीने तोंडावर हात धरला. टिटवीने आपला हात हळूच मांडीवर ठेवला.

टिटवी हे तिचे घरातले नाव. जन्मली तेव्हा तिच्या पहिल्याच रडण्याने शेजारची दोन दारे उघडली होती, म्हणून बाबांनी ते ठेवले, आणि पुढे ते असे चिकटले की खरे नाव फक्त कागदापुरते उरले. या आवाजावर तिने सहा वर्षे बालवाडी गाजवली. गोष्ट सांगताना ती वाघ झाली की पंचवीस पोरे एका जागी गार होत. बालवाडी बंद पडली आणि आता तोच आवाज एका दवाखान्यात नंबर पुकारण्याच्या कामी लागला होता. "नंबर सतरा!" असे ती म्हणाली की सतरा नंबरवाला तर उठेच, पण कधीकधी अठरा आणि एकोणीसही उभे राहत. डॉक्टरांनी तिला दोनदा समजावले होते.

या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात वाचकाची एकच खुर्ची रिकामी झाली होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा मुलांसाठी पुस्तके वाचून ठेवायची. पुन्हा मुले, पुन्हा गोष्टी! तीन महिने ती या बोलावण्याची वाट पाहत होती.

"बाहेर या," म्हातारा म्हणाला.

त्याला सगळे जुळारीकाका म्हणत. चाळीस वर्षे त्याने छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवले, त्यांच्या ओळी केल्या, ओळींची पाने केली. मग डोळे गेले. आता तो इथे बसून वाचणाऱ्यांची पारख करी. टिटवीचे आईबाबा दोघेही त्याच छापखान्यात होते, पण त्या ओळखीचा उपयोग होईल या भ्रमात ती नव्हती. उलट ओळखीचे माणूस असले की तो जरा जास्तच घासून बघतो, असे तिने ऐकले होते. त्याच्या शेजारी, कानांपेक्षा मोठे हेडफोन लावून, आठेक वर्षांची एक मुलगी बसली होती. तिलाही दिसत नव्हते. मुलांच्या पुस्तकांना आधी तिचा होकार लागे.

"आवाज चांगला आहे," जुळारीकाका म्हणाला. "बापाचाच आहे. पण तुम्ही फार कंसावता."

टिटवी चमकली. "हा शब्द तुम्हाला कसा माहीत?"

"कसा म्हणजे? आमच्या छापखान्यातला आहे."

"छे! आमच्या घरातला आहे."

"तुमच्या घरात तो आमच्याकडून गेला, बाई. आणि इथं मी तुम्हाला तुम्हीच म्हणणार. रस्त्यात भेटलीस तर तू." तो हसला. "सांगा बरं, कंसावणे म्हणजे काय?"

"नाटकी बोलणं. आव आणून, हातवारे करून. साधं मीठ मागायचं तरी राज्य मागितल्यासारखं."

"आणि आला कुठून?"

"कंसावरून. गोष्टीतला तो दुष्ट मामा. बाबांनी छापखान्याच्या संमेलनात त्याचं काम केलं होतं. असे गरजले होते की पहिल्या रांगेतली दोन मुलं रडायला लागली."

"त्यातलं एक माझं," जुळारीकाका म्हणाला. "पण शब्द त्याच्या आधीचा आहे. बरं, मला सांगा, 'नाव मात्र राणी' हे पुस्तकात कसं छापलंय?"

टिटवीने पान पाहिले. "कंसात."

"या छोटीला कंस दिसतो का?"

"नाही."

"मग तो तिला ऐकू यायला हवा. कंस म्हणजे काय, तर लिहिणाऱ्यानं हळूच कानात सांगितलेलं. तुम्ही तर छपरावर चढून दवंडी पिटलीत." त्याने यंत्राकडे मान वळवली. "हे पुसून टाक गं." चाचणीचे वाचन पुसून टाकायचे हा तिथला नियमच होता.

"गुरुवारी पुन्हा या. हेच पान. एकदाच वाचायचं. बातम्या सांगणाऱ्या एक बाईही आहेत. उकडलेल्या बटाट्यासारखं वाचतात, पण स्वच्छ वाचतात. तुमचं जमलं नाही तर खुर्ची त्यांची."

"पण मी करू काय? कसं वाचू?"

"तो शब्द कुठून आला ते घरी विचारा." मग काठी चाचपत त्याने पुढे जोडले, "आईला विचारा हं. बाबांना नको. बाबा जे सांगतील ते ऐकायला छान असेल."

बाबांना न विचारता त्या घरात काही विचारणे अशक्य होते. आई जेवणाच्या टेबलावर लाल पेन्सिल घेऊन प्रूफे तपासत होती. ते काम तिने निवृत्त झाल्यावरही सोडले नव्हते. टिटवीने तिच्या कानाशी वाकून प्रश्न विचारला, आणि बाबा स्वयंपाकघरातून हातात डाव घेऊन आले.

"कंसावणे? अगं, तो शब्द सुरूच माझ्यापासून झाला!" डाव खांद्यावर गदेसारखा गेला. "पडदा वर. मी असा उभा. आणि पहिलंच वाक्य असं टाकलं, असं टाकलं..."

"की दोन मुलं रडली," टिटवी म्हणाली.

"तीन! पण मुळात आपला पिंडच तसा. तुझ्या आईला मागणी कशी घातली?"

"स्टुलावर चढून," आई आणि टिटवी एकदमच म्हणाल्या.

"स्टुलावर चढून!" बाबांनी ते वाक्य परत आपल्या ताब्यात घेतले. "भर छापखान्यात! छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, ऐका हो ऐका, या बाईंशी मी लग्न करणार! यंत्रं थांबली. बारा माणसं आ वासून बघत होती."

"गेल्या वर्षी दहा होती," आई मान वर न करता म्हणाली.

"दोघं दाराआड होते."

बाबा आमटीत डाव घालायला म्हणून परत गेले, पण आतून त्यांचे गरजणे सुरूच होते. आईने प्रूफातल्या एका शब्दावर काट मारली, जरा थांबली, मग त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबे टिंबे देऊन समासात लिहिले, 'राहू दे'. म्हणजे खोडलेले चुकले, हा शब्द जागेवर ठेवा. ही खूण टिटवीला अक्षरे यायच्या आधीपासून ठाऊक होती. लहानपणी तिच्या एका चित्रातली वेडीवाकडी गाय दादाने खोडली होती, तेव्हा आईने गाईखाली अशीच टिंबे दिली होती.

"उद्या सकाळी," आई हळूच म्हणाली. "हे फिरायला गेले की."

सकाळी बाबांच्या चपला जिना उतरल्याचा आवाज आला, तशी आईने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस. तुझं मुंग्यांचं पुस्तक आण. आम्ही छापखान्यात कसे वाचायचो ते माहितीये ना? एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या प्रूफावर नजर ठेवायची. वाचणारा तुझा बाप, तपासणारी मी. सगळं वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा. तू वाच, मी तपासते."

टिटवीने घसा खाकरला. "राणीमुंगी!"

"तिथं उद्गारचिन्ह आहे?"

"नाही."

"मग आणलंस कुठून? पदरचं घालू नकोस."

टिटवीने पुन्हा सुरुवात केली. "राणीमुंगी ही वारुळातली सर्वांत मोठी मुंगी, पूर्णविराम. पण ती कुणालाही हुकूम सोडत नाही, कंस सुरू, नाव मात्र राणी, कंस पूर्ण, पूर्णविराम." तिला हसू आले. इतके कोरडे तिने आयुष्यात काही वाचले नव्हते. एवढी विरामचिन्हे उच्चारायची म्हटल्यावर आव आणायला तोंडात जागाच उरत नव्हती.

"हं," आई म्हणाली. "आता ऐक. तेव्हा पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल चालला होता. नुसते नळांचे तक्ते. तिसरा दिवस. हे वाचतायत, मी तपासतेय. नळ क्रमांक चार, स्वल्पविराम, गळती दुरुस्त, पूर्णविराम. नळ क्रमांक पाच. माझी मान खाली. हे जे वाचतील आणि प्रूफात नसेल, ते जुळवायचं राहून गेलं असं समजून मी समासात लिहायचं, हा नियम. तेराव्या पानावर हे म्हणाले, कंस सुरू, वाचणाऱ्याला तपासणारीशी लग्न करायचं आहे, कंस पूर्ण, पूर्णविराम. नळ क्रमांक सहा."

टिटवीचे तोंड उघडेच राहिले. "आणि तू?"

"मी लिहिलं की समासात."

"आई!"

"हाताला सवय! पार पूर्णविराम देईपर्यंत कळलंच नाही आपण काय लिहिलं ते. मान वर करून पाहिलं, तर हे कागदाकडे बघत नळ क्रमांक सातवर पोचलेले. फक्त कान लाल. मी घाईघाईनं त्या वाक्यावर काट मारली."

"म्हणजे नाही म्हणालीस?"

"मी काही म्हणाले नाही. नळ क्रमांक अकरापर्यंत विचार केला. मग आणखी थोडंसं लिहिलं आणि प्रूफ जुळाऱ्याकडे गेलं. तो म्हणजे समोर येईल ते जुळवणारा. त्यानं ते सगळं गळतीच्या तक्त्यात घेतलं. दुसरं प्रूफ आलं ते सगळ्या छापखान्यात हातोहात फिरूनच. तेव्हापासून हे दिसले की लोक विचारायचे, काय, आज कुठं कंसावलात? कंसावणे म्हणजे मनातलं गुपचूप मध्येच घालून टाकणं."

"पण हे तर उलटंच झालं!"

"झालंच. लोक विचारायला लागले, तसे हे सांगायला लागले. पहिल्यांदा नुसतं सांगितलं. मग उभं राहून सांगितलं. लग्नात स्टूल आलं. बारशाला यंत्रं थांबली. त्यांची गोष्ट जशी फुगत गेली तसा तो शब्दही फुगत गेला. आणि संमेलनातलं काम त्यांना त्या शब्दामुळे मिळालं, कामामुळे शब्द नाही."

"तू कधी खोडून काढलं नाहीस?"

आईने पेन्सिलीचे टोक नखाने साफ केले. "तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर वाचला गं त्या माणसानं. एक काना इकडचा तिकडे करायची सोय नाही. एवढी एक गोष्ट त्यांची स्वतःची. सांगू दे की." मग ती हसली. "पण तुला म्हणून सांगते. स्टुलावरून ओरडले असते ना, तर मी मान खाली घालून दुसऱ्या खोलीत गेले असते. ते अगदी सपाट बोलले, नळ क्रमांक पाच म्हणावं तसं. म्हणून तर ऐकू आलं."

टिटवी बोटाने पुस्तकातला कंस गिरवत होती, आधी डावा, मग उजवा.

"वाच पुन्हा," आई म्हणाली. "आता चिन्हं मोठ्यानं नकोत, मनात म्हण. पण मनात म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढी जागा सोडायची."

टिटवीने वाचले. पहिल्यांदा कंस सुरू म्हणायचे राहिले. दुसऱ्यांदा म्हटला, पण इतका लांबवला की आई म्हणाली, "अगं, आत जायचंय, मुक्काम करायचा नाही." पाचव्या वेळी आईने पेन्सिल खाली ठेवली आणि ती नुसती ऐकू लागली. बाबांच्या चपला जिना चढू लागेपर्यंत त्यांची मुंग्यांची दोन प्रकरणे झाली होती.

"पण तू पुढे काय लिहिलंस ते सांगितलं नाहीस," टिटवी कुजबुजली.

आई उठली. शिवणाच्या डब्यातून तिने दोऱ्याने गच्च आवळलेला, बोटभर लांबीचा शिशाच्या खिळ्यांचा जुडगा काढला. टिटवीने तो ओळखला. लहानपणी तो तिच्या बाहुलीचा पाट होता. त्यावरची उलटी, काळी अक्षरे तिला कधी लागली नव्हती आणि लावावीत असे वाटलेही नव्हते.

"जुळाऱ्यानं लग्नात दिलेला आहेर. तीच ओळ. दोरा सोडू नकोस, खिळे सांडतील. त्यालाच विचार. जुळवलंय त्यानं."

दार उघडले. "काय कुजबुज चाललीये?" बाबा दारातूनच गरजले. "कोण कुणाविरुद्ध कट करतंय?"

"कंसावू नका," आई म्हणाली. "चहा ठेवा."

गुरुवारी टिटवी खुर्चीत बसली तेव्हा तिचे दोन्ही हात मांड्यांखाली होते. ते तिने स्वतःच दाबून ठेवले होते. काचेपलीकडे जुळारीकाकाची मान नेहमीसारखी एका अंगाला कललेली होती. छोटीने हेडफोन चढवले.

"एकदाच," जुळारीकाका म्हणाला.

"राणीमुंगी ही वारुळातली सर्वांत मोठी मुंगी," टिटवीने वाचले. तिला आपलाच आवाज परका वाटला, बूट काढून घरात शिरलेल्या माणसाच्या चालीसारखा. पूर्णविराम, ती मनात म्हणाली. "पण ती कुणालाही हुकूम सोडत नाही."

कंस सुरू.

"नाव मात्र राणी."

कंस पूर्ण.

काचेपलीकडून खुदकन आवाज आला. छोटी हसली होती. मग कुणी आपल्याला काहीतरी खास सांगितले आहे आणि ते फुटायला नको, अशा थाटात तिने ओठ मिटून घेतले. टिटवीला हात वर करून ओरडावेसे वाटले. तिने मांड्या आणखी घट्ट दाबल्या आणि पान संपेपर्यंत वाचत राहिली. मुंग्यांनी दाणे वाहिले, पाऊस येण्याआधी अंडी वरच्या मजल्यावर हलवली, एकमेकींच्या मिशांना मिशा लावून निरोप दिले. पानावर आणखी दोन कंस होते. दोन्ही वेळा छोटी पुढे सरकली.

वाचन संपले. टिटवी बाहेर आली. जुळारीकाकाचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता. त्यावरून काही वाचता येईना.

"आईला विचारलंत?" त्याने विचारले.

"विचारलं."

"स्टूल होतं?"

"नव्हतं."

"हं." त्याच्या मिशीचे एक टोक हलले. "बाबांना सांगू नका."

"नाही सांगणार. पण एक राहिलंय." टिटवीने पिशवीतून तो जुडगा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "आईनं खोडल्यावर पुढे काय लिहिलं, ते तुम्हाला विचारायला सांगितलंय."

हाताला वजन लागताच म्हाताऱ्याने पाठ ताठ केली. दोऱ्याच्या गाठीवरून त्याचे बोट एकदा फिरले. गाठ त्याचीच होती. मग त्याने अंगठा अक्षरांच्या तोंडावर ठेवला आणि उजवीकडून डावीकडे, आयुष्यभर जसा सरकवला तसा, सावकाश सरकवू लागला.

"कंस," तो पुटपुटला. "वाचणाऱ्याला. तपासणारीशी. हा 'ग्न' तुटका होता, दुसरा शिल्लक नव्हता. आहे. पूर्णविराम. कंस." अंगठा थांबला. "या पुढच्या दोन शब्दांसाठी मालकांनी माझी हजेरी घेतली होती. म्हणाले, अरे, समासातली सूचना कुणी जुळवतं का? ती पाळायची असते."

छोटीने हेडफोन काढून कान त्याच्याकडे केला. यंत्रापाशी बसलेल्या मुलीने बटणावर बोट ठेवून मागे वळून पाहिले.

"काका, आजचं वाचन पुसू ना?"

जुळारीकाकाचा अंगठा ओळीच्या शेवटावर होता. त्याने तो दोनदा तिथून फिरवला. मग नळ क्रमांक सांगावा इतक्या सपाट आवाजात तो म्हणाला,

"राहू दे."